किल्ली नेणारा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘किल्ली’ असे कळविले. त्यांची समजूत झाली की आम्ही कारखान्यातील टाळेबंदीवर बोलणार. तशी समजूत होणे साहजिकच आहे, कारण आमची उभी हयात हमाल, तोलाईदार आणि साखर कारखान्यांतील हंगामी कामगार यांच्या संघटनेत गेली. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा क्वांटम विद्येसारख्या शास्त्रीय विषयाला आम्ही हात घालावा हे कित्येकांस धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या किल्लीबद्दल आम्ही बोलणार आहोत ती आज तुम्हां सर्वांच्या खिशात आहे, आणि तिच्या पायी आमच्या संघटनेतील एका हमालाचे एक्केचाळीस हजार रुपये एका दुपारी गेले. मुलीच्या लग्नासाठी साठविलेले होते. ‘बँकेतून बोलतो’ असे सांगणारा एक आवाज आला, त्याने मोबाईलवर आलेला सहा आकडी क्रमांक विचारला आणि आमच्या माणसाने तो सरळ मनाने सांगितला. कुलूप मजबूत होते. किल्ली मात्र चुकीच्या हाती गेली. ती कशी जाते आणि जाऊ नये म्हणून माणसाने आजवर काय काय केले, हा आजचा विषय होय.

प्रथम एक फरक ध्यानी घेतला पाहिजे. गुप्त लेखनात दोन गोष्टी असतात. एक, लेखन उलटेपालटे करण्याची रीत. हे झाले कुलूप. दुसरी, त्या रीतीतील नेमकी खूण, जी फक्त पाठविणाऱ्याला व घेणाऱ्याला ठाऊक असते. ही झाली किल्ली. कुलपे बाजारात सर्वांना सारखीच मिळतात, चोरालाही. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ साली हेच लिहून ठेविले की रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, सारे गुपित किल्लीत असावे. विचार पटण्याजोगा आहे. पण मग ती किल्ली दुसऱ्या टोकाला न्यायची कोणी? रीत पुस्तकात छापता येते, किल्ली छापता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. फलटण येथे चक्रपाणी प्रभूंचे स्थान असल्यामुळे महानुभाव पंथाचे लोक दूरदुरून या सातारा जिल्ह्यात येतात. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. आजच्या दृष्टीने पाहिले तर कुलूप अगदी साधे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह. मुंबईतला एखादा कॉलेजकुमार आज ते संध्याकाळपर्यंत उलगडील. तरीसुद्धा ते ग्रंथ काही शतके बाहेरच्यांना बंद राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ते उघडले. साधे कुलूप इतके टिकले कसे? आमच्या मते त्याचे उत्तर लिपीत नाही, परंपरेत आहे. किल्ली गुरूकडून शिष्याकडे समोरासमोर जात होती. देणारा घेणाऱ्याला वर्षानुवर्षे ओळखत होता.

याच्या उलट गोष्ट पानिपतची. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे जे झाले त्याची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलशाच्या बाजूस एका सावकारी पत्रातून समजली. दोन मोती विरले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुप्या-तांब्याची तर गणती नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. या पत्राची किल्ली कोणी आधी ठरवून दिलेली नसावी. ज्याच्या काळजात ती भीती आधीच होती त्याला ते वाचता आले. पण जी किल्ली पाठवावी लागत नाही ती कोणालाही सापडते. मधल्या वाटेवर कोणी शहाणा माणूस ते पत्र वाचता तर त्यालाही उलगडते.

जुन्या पेठांतून हत्ता पद्धत होती, ती वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा, माल त्याचा, पण भाव त्याला दिसत नसे. करपल्लवी हे या विद्येचे जुने नाव. पुढे नियंत्रित बाजार आले, उघड लिलाव आले आणि रुमाल गेला. आमचे वडील पोती वाहत. ते म्हणत, गुप्त खूण कोणाच्या बाजूची आहे हे आधी विचार. आजच्या विषयातही आम्ही ते विचारणार आहोत.

आता आपण आपल्या जिल्ह्याच्या खऱ्या इतिहासाकडे येऊ. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. दक्षिण सातारा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. १९४२ च्या ऑगस्टनंतर या साऱ्या भागात मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे पडली. त्यानंतर लढ्याने निराळे वळण घेतले. तारा तोडल्या गेल्या. सरकारची तार म्हणजे सरकारचा कान, तो तोडायचा हा विचार त्यामागे होता. पण तारा तोडणाऱ्याला स्वतःची तार नसते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ पर्यंत शेकडो गावांत प्रतिसरकार चालले, न्यायदान झाले, कुंडलच्या बाजूस जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांची तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडविली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी इथलीच मंडळी दूर खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याच्या गाडीवर तुटून पडली आणि साडेपाच लाख रुपये घेतले. या दोन्ही कामांत दिवस, वेळ आणि जागा ही त्रयी आधी योग्य माणसांना कळायला हवी होती आणि चुकीच्या माणसांना कळायला नको होती. टेलिफोन नाही, टपाल पोलिसांच्या हाती. मग हे सारे कोणी वाहिले? माणसांनी, आणि त्यांत बायकांनी फार मोठ्या प्रमाणावर.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांची हकीकत पुष्कळांनी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. २०२१ साली त्या वारल्या. शस्त्रे आणताना एक सहकारी गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकला होता. हौसाताई त्याची बहीण म्हणून त्याला भेटायला गेल्या आणि सुटकेचा बेत लिहिलेला चिठोरा अंबाड्यात लपवून त्याला पोहोचविला. परतीच्या वाटेवर मांडवी नदी ओलांडावी लागली. आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यातले धाडस मनात भरले. अलीकडे निराळी गोष्ट मनात भरते. बहीण म्हणून जाणे ही ओळख पटविण्याची खूण होती, अंबाड्यातली चिठ्ठी हा निरोप होता. दोन्ही एकाच देहातून गेली. पोलिसाने अंबाडा सोडला असता तर निरोपही गेला असता आणि माणूसही.

आमच्या आजोळी, पलूसच्या बाजूस, एक म्हातारी होती. लहानपणी आम्ही तिच्या ओट्यावर खेळत असू. ती सांगे की उसात लपलेल्या माणसांना ती भाकरी नेत असे, आणि किती भाकरी बांधायच्या हे घरचा कारभारी सांगे. पाच बांधल्या तर पाच, सात तर सात. संख्या हीच खूण होती हे तिला स्वातंत्र्य मिळाल्यावर कळले! मधल्या काळात तिला कोणी कितीही मारले असते तरी तिच्याकडून काही निघाले नसते, कारण तिला ठाऊकच नव्हते. वाहून नेणाराला अर्थ ठाऊक नसावा ही युक्ती खेड्यातल्या अशिक्षित कारभाऱ्याने काढलेली आहे. नाना पाटील १९४६ पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत, त्याचे एक कारण अशा भाकऱ्यांत बांधलेले होते असे आम्ही मानतो.

येथे आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. १९९० नंतरच्या काही वर्षांत एका साखर कारखान्यातील हंगामी कामगारांना आम्ही संघटित करीत होतो. बैठकीची जागा कळविताना पहिल्या वेळी आम्ही दहा रुपयांची नोट फाडून अर्धी पाठविली. ज्याच्याजवळ उरलेली अर्धी, तो आमचा. हे उत्तम चालले. पुढे आळस नडला. नोटा फाडणे परवडत नाही असे म्हणून एक शब्द ठरविला, एका जत्रेचे नाव, आणि तोच शब्द तीन वेळा वापरला. तिसऱ्या बैठकीला गेलो तेव्हा व्यवस्थापनाचा माणूस आमच्या आधी तेथे बसलेला होता. तिघांना पुढच्या हंगामात काम मिळाले नाही. त्यांच्यापैकी एक पुढे गाव सोडून गेला. त्याच्या बायकोने आम्हांला विचारले होते, शब्द बदलायला काय पैसे पडत होते? आम्ही काय बोलणार.

एकदा वापरलेली किल्ली पुन्हा वापरू नये, हे शास्त्रज्ञांनी गणिताने सिद्ध केले आहे असे आम्ही पुढे वाचले. निरोपाइतकीच लांब, पूर्णपणे यदृच्छेने निघालेली आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर ते लेखन कोणालाही, कितीही काळ बसले तरी उलगडणार नाही, असे अमेरिकेच्या क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. सोव्हिएत रशियाने अशाच वह्या वापरल्या. पण १९४२ च्या आरंभी युद्धाच्या घाईत काही पाने दोनदा छापली गेली, आणि तेवढ्या भोकातून अमेरिकनांनी पुढे वर्षानुवर्षे त्यांचे निरोप वाचले. एवढ्या बलाढ्य सरकारचीही चूक आमच्यासारखीच निघाली, हे वाचून थोडे समाधान वाटले हे कबूल करतो.

तर मग नव्या नव्या किल्ल्या रोज कोठून आणाव्यात आणि कशा पोहोचवाव्यात? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी अशी गणिती रीत दाखविली की दोन अनोळखी माणसे भर बाजारात ओरडून बोलली तरी त्यांच्यात एक गुपित तयार होते. आजची बँक, आजचा मोबाईल बराचसा याच जातीच्या गणितावर उभा आहे. या कुलपांचा भरवसा एवढाच की ती गणिते उलट सोडवायला फार वेळ लागतो. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले की क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर तो वेळ लागणार नाही. असा संगणक अजून झालेला नाही. पण आजचे निरोप साठवून ठेवून पुढे उघडता येतात, म्हणून आजच काळजी.

आता एक गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. या संकटावरचा जो उतारा, तो आपल्या देशात वाचला गेला. डिसेंबर १९८४ मध्ये बेंगळुरू येथे संगणकविषयक एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार या दोघांनी आपला निबंध मांडला. त्याचे सार आम्हांला समजले तसे सांगतो. प्रकाश हा बारीक कणांचा बनलेला आहे असे धरा. प्रत्येक कणाला एक रोख देता येतो: उभा, आडवा किंवा दोहोंपैकी एका बाजूला तिरपा. पाठविणारा एकेक कण मनास येईल त्या रोखाने सोडतो. घेणारा उभ्या-आडव्या मापाने पाहायचे की तिरप्या मापाने, हे आपल्या मनाने ठरवितो. माप जुळले तर खरे उत्तर, न जुळले तर उत्तर निव्वळ छापा-काटा. मागाहून दोघे उघडपणे फक्त मापे सांगतात, उत्तरे नाहीत. जेथे मापे जुळली तेवढेच कण ठेवतात. ती झाली किल्ली.

आणि मध्ये कोणी चोरून पाहिले तर? येथे निसर्ग आपल्या बाजूला उभा राहतो. एकट्या कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही आणि पाहिल्याशिवाय त्याचा रोख कळत नाही. पाहताना चोराचेही माप निम्म्या वेळा चुकणार, आणि चुकले की कण बिघडणार. त्याने सारे कण असे पाहून पुढे सोडले, तर दोघांनी ताडून पाहिलेल्या उत्तरांत सुमारे चारांत एक चूक निघते. चूक दिसली की ती किल्ली टाकून द्यायची. म्हणजे अंबाडा सोडून पाहिला गेला की तो पुन्हा तसाच बांधता येत नाही, आणि हे घेणाराला कळते. आम्हांला ही गोष्ट प्रथम समजली त्या रात्री झोप लागली नाही.

आपल्याकडे हे काम चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीची आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल असा शंभर किलोमीटरहून अधिक अंतराचा प्रयोग नेहमीच्या काचतारेवरून करून दाखविला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. ६००३ कोटी ६५ लाख रुपये, २०३१ पर्यंत. चीनने बीजिंग ते शांघाय सुमारे दोन हजार किलोमीटरची अशी वाट आधीच बांधली आहे.

पण श्रोतेहो, मुंबईपासून सांगली रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. काचतारेतून जाताना कण वाटेत विरतात. तारेच्या साध्या संदेशाला वाटेत जोर देता येतो. या कणाला देता येत नाही, कारण जोर देणे म्हणजे नक्कल करणे, आणि नक्कल तर निसर्गाने बंद केली आहे. म्हणून आज तरी वाटेत ठाणी बांधावी लागतात. प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडते, पुन्हा बंद होते आणि पुढे जाते. शास्त्रज्ञ त्यांना विश्वासाची ठाणी म्हणतात. उद्या असे एक ठाणे साताऱ्यात झाले, एक कऱ्हाडात झाले, तर तेथे रात्री कोण असेल? आम्ही सांगतो. कंत्राटदाराचा पहारेकरी, बारा तासांची पाळी, पगार दोन महिने थकलेला. महामार्गाच्या कडेला काचतारेसाठी चर खणणारे मजूर आम्ही पाहिले आहेत. जगातली सर्वांत जलद वाट त्यांच्या कुदळीने झाली, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हजेरीपत्रकाचा पत्ता नसतो. विश्वासाचे ठाणे म्हणायचे आणि त्यातल्या माणसाला विश्वासाने वागवायचे नाही, हा हिशेब आम्हांला जमत नाही.

मोबाईलची गोष्ट आणखी अवघड. मनोऱ्यावरून जी लहर तुमच्या फोनपर्यंत येते तिच्यात कण असंख्य असतात. एकट्या कणाचा खेळ तेथे चालत नाही. म्हणून क्वांटम यंत्राने काढलेली किल्ली शेवटच्या टप्प्यात दुसऱ्याच कोणत्या तरी वाटेने फोनमध्ये घालावी लागते. दक्षिण कोरियात २०२० साली एक फोन निघाला. त्याच्या आत अडीच मिलिमीटरची एक चिप बसविली होती आणि ती प्रकाशाच्या आधाराने यदृच्छ आकडे काढते. आकडे उत्तम. पण ते दुसऱ्या टोकाला पोहोचविण्याचा प्रश्न आहे तेथेच आहे. काही जण म्हणतात, विश्वासाच्या जागी जाऊन फोन तारेला जोडावा आणि किल्ल्यांचा साठा भरून आणावा, जसा आपण रेशन दुकानात जाऊन महिन्याचे धान्य आणतो. काही जण म्हणतात, नव्या जातीच्या गणितात गुंडाळून हवेतूनच पाठवावी. तशा गणितांची प्रमाणे अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये ठरली. या दुसऱ्या वाटेत क्वांटम किल्लीचे रक्षण पुन्हा गणितच करणार. मग निसर्गाची हमी कोठे राहिली?

आजही तुमच्या सिमकार्डात एक गुप्त किल्ली आहेच. शून्य आणि एक अशा १२८ खुणांची. तिची एक प्रत कार्डात, एक कंपनीच्या मुख्य केंद्रात. मनोरा एक ताजा आकडा पाठवितो, कार्ड त्यात आपली किल्ली कालवून उत्तर देते, केंद्र तेच गणित करून ताडून पाहते. किल्ली स्वतः कधी हवेत जात नाही. फार सुरेख योजना. पण कार्डात ती घातली कोणी? कार्डे करणाऱ्या कारखान्याने. आणि तिची यादी मोबाईल कंपनीला पाठविली. २०१५ साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार ब्रिटिश आणि अमेरिकन हेरखात्यांनी जेमाल्टो या मोठ्या कार्ड-कंपनीच्या अशा याद्यांवरच, वाटेत असताना, डोळा ठेवला होता. असा हल्ला बहुधा झाला असावा हे कंपनीने मान्य केले, मात्र किल्ल्या मोठ्या संख्येने गेल्या हे नाकारले. कुलूप फोडण्याच्या भानगडीत कोणी पडलेच नाही. किल्ली नेणारा गाठला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुढाऱ्यांच्या भाषणांत येत नाही. बेनेट-ब्रासार यांच्या रीतीत सुद्धा, मापे उघडपणे सांगणारा माणूस खरोखर आपलाच आहे हे आधी पटावे लागते. नाही तर चोर दोन्हीकडे मध्यस्थ म्हणून बसेल आणि दोघांशीही नीट किल्ली ठरवील. त्यासाठी दोघांजवळ आरंभीचे एक लहानसे ओळखीचे गुपित लागते. त्या गुपिताच्या बळावर पुढे हवी तितकी किल्ली वाढविता येते. पण ते पहिले बी कोणीतरी, कोठेतरी, ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला द्यावे लागते. फलटणच्या वाटेवरचा महंत आणि बेंगळुरूचा निबंध येथे एका ओळीत येऊन बसतात.

आमच्या हमालाचे पैसे परत आले नाहीत. पोलिसांत तक्रार आहे. त्यानंतर आम्ही पेठेत सभा घेतली आणि सांगितले की संघटना पैशांबद्दल फोनवरून कधीही विचारणार नाही, कोणताही आकडा मागणार नाही. काही असेल तर आपला मुकादम स्वतः येईल. मागच्या रांगेतून एक तरुण पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, मुकादम तरी खरा कशावरून?’ लोक हसले. आम्ही हसलो नाही. पुढच्या महिन्यात त्या गाळ्यावरचा मुकादम बदलला, तेव्हा नव्याला बरोबर घेऊन आम्ही प्रत्येक तोलकाट्यापाशी गेलो आणि एकेकाला हाक मारून त्याची गाठ घालून दिली. त्याला दीड दिवस लागला.